जगायला गेलेली मुलं

सकाळी सातला नाशिकचा गंगापूर रोड पिवळ्या बसगाड्यांचा असतो. अशोकस्तंभापासून जेहान सर्कलपर्यंत, तिथून पुढे आनंदवल्लीपर्यंत चौकाचौकात आया उभ्या. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. टाय लावलेली, केस चापून बसवलेली मुलं अर्धवट झोपेत पायऱ्या चढतात आणि मागची रिक्षा हॉर्न वाजवत राहते. त्याच सुमाराला समोरून एखादी पिकअप येते. मागच्या हौद्यात पंधरा-वीस माणसं उभी, डोक्याला टॉवेल, पायाशी डबे. बायकांच्या कडेवर लहानगं आणि त्यांच्या आडोशाला पत्र्याची कड धरून उभी असलेली आठ-नऊ वर्षांची एखादी मुलगी. सिग्नलला दोन्ही गाड्या शेजारी येतात, तेवढ्यात हिरवा लागतो.

शिक्षणाच्या बाबतीत या रस्त्याइतका श्रीमंत रस्ता उत्तर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. गोदावरीच्या कडेने मराठा विद्या प्रसारक समाजाचा विस्तीर्ण परिसर आहे, त्यात केटीएचएम महाविद्यालय आहे, उदोजी मराठा बोर्डिंग आहे. जवळच कुसुमाग्रजांचं स्मारक. मग खासगी शाळा, त्यांच्या कमानी, कमानींवर प्रवेश सुरू असल्याचे फलक, आणि शाळा सुटल्यावर मुलांना ताब्यात घेणारे क्लास. शहर संपून गंगापूर धरणाकडे वळलं की गोवर्धनजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं ब्रीद ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचं. ज्यांची शाळा मध्येच सुटली, बारावी राहिली, अशांना पदवीपर्यंत नेण्यासाठी त्याने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम दीर्घकाळ चालवला. म्हणजे एकाच रस्त्याच्या एका टोकाला शाळा धरून ठेवणाऱ्या संस्था आणि दुसऱ्या टोकाला शाळा सुटलेल्यांसाठीचं विद्यापीठ. मधल्या दहा-पंधरा किलोमीटरांत ती सुटते कशी, हा या लेखाचा विषय.

सुरुवात रस्त्यालगतच्याच एखाद्या अपुऱ्या इमारतीपासून करता येईल. गंगापूर रोड आणि त्याचे फाटे गेली वीस वर्षं सतत बांधकामाखाली आहेत. टॉवर उभा राहत असतो तेव्हा पार्किंगच्या मजल्यावर पत्रे ठोकून मजुरांची कुटुंबं राहतात. इमारत पूर्ण झाली की एखादं कुटुंब वॉचमन म्हणून मागे उरतं, बाकीची पुढच्या साइटवर जातात. या पत्र्याच्या खोलीपासून शहरातली नावाजलेली शाळा कधीकधी पाचशे पावलांवर असते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ (१) (क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या. प्रवेशात पहिलं प्राधान्य एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला. अंतराच्या हिशेबात वॉचमनच्या पोराचा नंबर सगळ्यांच्या आधी लागायला हवा.

पण अर्ज ऑनलाइन आहे. नकाशावर घर दाखवावं लागतं आणि त्या घराचा पुरावा जोडावा लागतो. रेशनकार्ड गावाकडचं, आधारवरचा पत्ताही गावाकडचा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार हवा. अजून भोगवटा दाखलाही न मिळालेल्या इमारतीच्या पार्किंगमधल्या खोलीचा भाडेकरार कोण नोंदवून देणार? जे मूल शाळेच्या सर्वांत जवळ झोपतं, त्याचं घर नकाशावर नाही. शाळेत जाताना कुणी त्याला अडवत नाही. ते मुळात गेटपर्यंतच पोचत नाही.

ज्यांच्याकडे कागद आहेत, त्यांचीही रांग लांब आहे. २०२५-२६ साठी राज्यात या २५ टक्क्यांतल्या सुमारे १ लाख ९ हजार जागांना ३ लाखांवर अर्ज आले होते. त्याआधीच्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारने नियमच बदलून पाहिला: एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या प्रवेशांतून सूट. शहरात अशी शाळा कुठे ना कुठे असतेच, त्यामुळे गंगापूर रोडसारख्या भागात ही तरतूद जवळजवळ पुसलीच गेली असती. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. खासगी संस्थाचालकांची तक्रार वेगळी आहे आणि ती सगळीच खोटी नाही. एका मुलामागे शासन वर्षाला १७,६७० रुपये देतं आणि तेही वर्षानुवर्षं थकतं. मात्र त्या थकबाकीचा राग सहा वर्षांच्या मुलावर काढला जातो, तेव्हा ती तक्रार ऐकून घेणं अवघड होतं.

आता शहर मागे टाकावं. आनंदवल्ली लागते. राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून हे नाव पडलं, पण हल्ली ते फक्त बसथांब्यापुरतं आठवतं. मग सोमेश्वर, गंगापूर गाव, धरण, वायनरीकडे वळणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या, आणि पुढे गिरणारे. द्राक्षाचं आणि टोमॅटोचं गाव. इथून रस्ता वाघेऱ्याच्या घाटाने हरसूलकडे जातो, आणि हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरची माणसं याच वाटांनी खाली उतरतात. हंगामात गिरणाऱ्यात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. बागायतदार येतात, किती जण हवेत ते सांगतात, रोज ठरतो, गाडी भरते.

पाड्यांवर या जाण्याला स्वतःचं नाव आहे: जगायला जाणं. सरकारी कागदावर त्याला हंगामी स्थलांतर म्हणतात, अभ्यासक त्यापुढे आकडे मांडतात, पण जगायला जाणं या दोन शब्दांत सगळं येतं. भाताचं एक पीक निघालं की पाड्यावर काम नसतं. पाऊस भरपूर पडतो, पण तो उतारावरून वाहून जातो आणि फाल्गुनात विहिरीचा तळ दिसतो. घरातली मोठी माणसं निघतात. मागे सांभाळायला कुणी नसेल तर मुलंही निघतात. आठ वर्षांच्या मुलीला बागेत कामाला लावलंच जातं असं नाही. तिचं काम दुसरं असतं. झोळीतल्या भावंडाला झोका द्यायचा, पाणी भरायचं, आई मण्यांची विरळणी करून येईपर्यंत भाकरीवर लक्ष ठेवायचं. बालमजुरीच्या कोणत्याही व्याख्येत हे नीट बसत नाही. म्हणून ते कुठल्याच तपासणीत सापडत नाही.

इथे कॅलेंडर उघडून बघायला हवं. नाशिकची द्राक्षबाग ऑक्टोबरात गोडी छाटणीला येते. मग फुटवे काढणं, विरळणी, घड संजीवकात बुडवणं, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी. शाळेचं दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं आणि एप्रिलात संपतं. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर ठेवली तर बागेचा हंगाम आणि शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ एकच आहेत. जून ते ऑक्टोबर मूल शाळेत असतं. आवणी असते, आईबाप पाड्यावरच असतात, पट भरलेला असतो. दिवाळीनंतर तो विरतो.

आणि शाळाबाह्य मुलं शोधायला आपण केव्हा निघतो? ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसाचं मोठं सर्वेक्षण झालं. मतदानासारखी मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. आकडा अर्ध्या लाखाच्या आसपास निघाला आणि तो फारच कमी असल्याची टीका स्वयंसेवी संस्थांनी तेव्हाच केली. ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ ही मोहीम २०२२ मध्ये राबवली गेली, तीही ५ ते २० जुलै या काळात. जुलैमध्ये जगायला गेलेली मुलं शोधणं म्हणजे आषाढात उन्हाळी वाळवणं शोधण्यासारखं आहे. मध्ये २०२१ साली मार्चात एक पाहणी झाली खरी, पण तेव्हा करोनामुळे शाळांचंच काही धड नव्हतं. वास्तविक हे सगळं कुठल्याही पाड्यावरच्या शिक्षकाला पाठ असतं. मोहिमेची तारीख ठरवताना त्याला कुणी विचारत नाही, एवढंच.

पट हा शब्द बाहेरच्या माणसाला साधा वाटतो. शिक्षकांच्या जगात सगळं त्याच्याभोवती फिरतं. पटावर किती मुलं, यावर शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. त्याला संच मान्यता म्हणतात. अलीकडे या मोजणीत आधार जुळलेली मुलंच धरली जातात. ज्याच्या आधारमधल्या नावाचं स्पेलिंग चुकलंय किंवा ज्याच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, ते मूल वर्गात बसलेलं असतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण शिक्षक मंजूर करताना मोजलं जात नाही. पाड्यावरच्या शाळेत अशी चार मुलं निघाली की एक शिक्षक जातो. मग उरलेला एकटा गुरुजी पहिली ते चौथी एकत्र सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ॲपवर फोटो चढवतो आणि रेंजसाठी टेकडीवर जातो.

राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४,७८३ असल्याचा शासनाचाच आकडा होता. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने या शाळांची मिळून समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आणली आणि पानशेत, तोरणमाळ इथल्या अशा शाळांची उदाहरणं दिली. कल्पनेमागे तर्क आहे. पाच मुलांच्या वर्गात खेळायलाही गडी मिळत नाही, आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयवार शिक्षक या गोष्टी मोठ्या शाळेतच परवडतात. कायदा मात्र पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागतो, आणि सह्याद्रीत किलोमीटर सपाट नसतो. २०२२ च्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातली दृश्यं देशभर दिसली: दुथडी वाहणारी नदी, पालकांच्या खांद्यावर बसून, मोठ्या पातेल्यात बसून ती ओलांडणारी शाळकरी मुलं. मोठ्या शाळेला बस मिळेलही, पण बसला पूल लागतो.

त्याच वर्षी इगतपुरी तालुक्यात दोन गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने घडल्या. शिक्षणावरच्या कुठल्याही जाडजूड अहवालापेक्षा त्या अधिक बोलतात.

पहिली उभाडेची. तिथल्या कातकरी वस्तीतली साधारण दहा वर्षांची एक मुलगी मरणासन्न अवस्थेत घरी परत आली आणि नाशिकच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. चौकशीत उघड झालं की ती एका मेंढपाळाकडे राबत होती. तिच्यासारखीच वस्तीवरची आणखी मुलं शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात मेंढ्यांमागे पाठवली होती. बदल्यात आईबापांना मिळालं होतं ते एखादं मेंढरू आणि काही हजार रुपये. वेठबिगारीचे गुन्हे दाखल झाले, मुलं सोडवून आणली गेली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. कातकरी ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित आदिवासी जमात. शिक्षण हक्क कायदा लागू होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

दुसरी गोष्ट दरेवाडीची, भाम धरणाने विस्थापित झालेल्यांच्या वस्तीची. तिथली जिल्हा परिषदेची शाळा बंद पडायची वेळ आली तेव्हा मुलं आणि पालक थेट आंदोलनाला उतरले. मागणी अशी: आमची दप्तरं परत घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या. शिकवायचं नसेल तर निदान वळायला जनावरं तरी द्या, म्हणजे आमचं काय ते आम्ही बघतो. बातमी राज्यभर गाजली आणि प्रशासनाला दखल घ्यावी लागली.

दरेवाडीच्या मुलांनी शेळ्या उपरोधाने मागितल्या होत्या. उभाडेत तो व्यवहार उपरोधाविना झाला होता.

शाळा दूर, घरी कुणी नाही, मग मुलाला कुठे ठेवायचं, हा प्रश्न गंगापूर रोडला नवा नाही. किंबहुना हा रस्ता शिक्षणाचा झाला तो याच प्रश्नामुळे. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाचं काम सुरू झालं, तेव्हा शाळांच्या बरोबरीने बोर्डिंगचा विचार होता. खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला नाशिकात हायस्कूल होतं, पण झोपायला जागा आणि खायला भाकरी नव्हती. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ यांच्या पिढीने हे नेमकं ओळखलं. १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराज उदोजी बोर्डिंगच्या समारंभासाठी नाशिकला आले होते. कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उघडून त्यांनी जे दाखवून दिलं, त्याचंच हे नाशिकचं रूप. पुढे डांग भागात दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने आदिवासी मुलांसाठी हाच मार्ग धरला.

सरकारने तो १९७२-७३ पासून आश्रमशाळांच्या रूपाने विस्तारला. राज्यात आज ४९७ शासकीय आणि ५५६ अनुदानित आश्रमशाळा आहेत आणि त्यांचा कारभार पाहणारं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकातच आहे. स्थलांतरावर त्याहून थेट उत्तर दुसरं नाही: आईबाप जगायला गेले तरी मूल शाळेत राहतं, जेवतं, झोपतं. पण बोर्डिंगचा जीव तिथल्या माणसांत असतो. आश्रमशाळांत वर्षानुवर्षं रोजंदारीवर आणि तासिकेवर शिकवणारे कर्मचारी २०२५ मध्ये बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले, तेही भर पावसाळ्यात. ज्यांनी दुसऱ्यांची मुलं सांभाळायची, त्यांना पुढच्या महिन्याची खात्री नाही. याच खात्याची दुसरी योजना आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवते आणि त्यांची फी भरते. काही मुलांचं त्यात भलं होतं, हे खरं. पण आपल्याच शाळा नामांकित नाहीत, हे खात्यानेच त्या योजनेच्या नावात लिहून ठेवलंय.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हिवाळी या सगळ्याला अपवाद म्हणून सांगितलं जातं. केशव गावित या जिल्हा परिषद शिक्षकाची ही शाळा वर्षाचे ३६५ दिवस आणि रोज बारा तास चालते. मुलं दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, मोठमोठे पाढे आणि संविधानातली कलमं धडाधड म्हणतात. पाहुणे येतात, व्हिडिओ करतात, थक्क होऊन जातात. दोन्ही हातांनी लिहिण्याचं कौतुक जरा बाजूला ठेवावं. त्याने आकलन किती वाढतं, हा वेगळा वाद आहे. हिवाळीतली मोलाची गोष्ट तिचं वेळापत्रक आहे. आईबाप कामावर असतात तेव्हा शाळा उघडी असते. बाकी सगळी व्यवस्था मुलाने शाळेच्या वेळेत बसावं म्हणते, इथे शाळा पाड्याच्या वेळेत बसली. फक्त ती एका माणसाच्या सुट्ट्यांवर उभी आहे, आणि एका शिक्षकाच्या संसाराची किंमत मोजणं हे काही धोरण होऊ शकत नाही.

मूल वर्गात आलं तरी ते शिकतं का, हा पुढचा प्रश्न. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये १६.३ वर आली आणि २०२४ मध्ये २३.४ वर गेली. सुधारणा आहेच, पण चारांतली तीन मुलं अजून अडखळतात. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर समजून वाचता येत नाही. म्हणजे आपण एकटे नाही, पण हा काही दिलासा नव्हे. सुरगाण्याच्या मुलाची यात आणखी एक अडचण असते. त्याची घरची बोली कोकणी आदिवासींची आणि बालभारतीची मराठी त्याच्यासाठी जवळजवळ परकी. त्या मराठीचा कान पहिल्या सत्रात तयार होऊ लागतो, आणि नेमकं तेव्हाच घराला कुलूप लागतं.

मुलं जातात तिथे शाळा नेण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेले आहेत. ऊसतोडीच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. वीटभट्ट्यांवर विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भोंगाशाळा काढल्या. रजनी परांजपे यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेलं ‘डोअर स्टेप स्कूल’ पुढे पुण्याच्या बांधकामांवर बस घेऊन पोचलं. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा पन्नासहून अधिक स्त्रिया काम करत असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं करतो. सहावं वर्ष उलटलेल्या मुलाचं काय, ते तो सांगत नाही. स्थलांतरित मुलाला गावची शाळा शिक्षण हमी पत्रक देते, ते दाखवलं की कुठल्याही शाळेने बसवून घ्यायचं. ऊसतोडीला ते जमतं, कारण टोळी सहा महिने एका कारखान्याच्या हद्दीत असते आणि मुकादमाला तळ ठाऊक असतो. गावातच हंगामी वसतिगृह करून मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवण्याची सोयही त्याच सहा महिन्यांवर बेतलेली आहे.

द्राक्षाची मजुरी अशी सरळ नसते. पंधरा दिवस दिंडोरीत, मग आठवडाभर पाड्यावर, मग निफाडकडे, मग गिरणाऱ्याच्या बाजारात जो बोलावेल त्याच्या बागेत. मूल एका शाळेच्या हद्दीत महिनाभरही टिकत नाही. पत्रक दप्तरात असतं. ते कुणाला दाखवायचं, हे ठरेपर्यंत बाग बदलते.

दिवाळीच्या सुमारास हरसूल भागात भात खळ्यावर आलेलं असतं आणि घराघरांत जाण्याची बोलणी चालू असतात. शिमग्याला सगळे परत येतात. त्या आठवड्यात पट पुन्हा भरतो, आणि पाचवीतल्या मुलासमोर एप्रिलची परीक्षा उभी असते. २०२३-२४ पासून तिच्यात, आणि मग पुनर्परीक्षेतही, नापास झालं तर त्याला त्याच वर्गात बसावं लागतं. गुरुजी त्याची वही उघडतात. शेवटची तारीख दिवाळीच्या सुट्टीआधीची, तिच्याखाली भागाकाराचं एक उदाहरण, अर्धं सोडवलेलं. पुढची पानं कोरी. गुरुजी त्याला तेच उदाहरण पूर्ण करायला सांगतात, आणि मूल आधी विचारतं, यातली बाकी कुठली.